एका बोटाचं स्टेअरिंग

आनंदराजचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड होता. अठ्ठावीस वर्षं एकाच गाडीचं स्टेअरिंग ओढून तो तसा झाला होता. गाडी म्हणजे सरकारी लिलावात घेतलेली जुनी पिकअप, चारही चाकं ओढणारी. मुखेडच्या भोवतीच्या काळ्या रानात, ऐन पावसाळ्यात एखाद्या विहिरीवरची मोटर जळाली, की ती आणायला-न्यायला दुसरी गाडी जात नसे. कुणी मागितली तर तो खुशाल चावी द्यायचा. माणूस गल्लीच्या वळणापर्यंत जायचा आणि जड स्टेअरिंगनं भरून आलेले हात झटकत परत यायचा. आनंदराज गालातल्या गालात हसून चावी खिशात टाकायचा. त्या हसण्यात त्याचं अर्धं आयुष्य सुखात गेलं.

मागच्या वर्षी खांद्याचा स्नायू फाटला. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं, असलं जड स्टेअरिंग आता बंद. मलप्पा नावाचं एक गिऱ्हाईक गाडी बघूनही गेलं.

"इकू नका पप्पा," टपाल कचेरीत कामाला असलेली मुलगी धम्मप्रिया म्हणाली. "पावर स्टेअरिंग बसवून घ्या."

"ह्या म्हातारीला?"

"खांद्याला बसवता येत न्हाई म्हणून म्हणले."

उदगीरच्या महांतेश मिस्त्रीनं स्टेअरिंगची जुनी पेटी काढून भंगारात आलेल्या एका नव्या बनावटीच्या जीपची पेटी बसवली. इंजिनावर तिचा तेलाचा पंप बसवताना पट्टा वाकडा चालू लागला, म्हणून पंपाची बैठक तीनदा करावी लागली. तिसऱ्या दिवशी पुढची चाकं जॅकवर उचलून त्यानं तेल ओतलं.

"फिरवा मामा. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. हवा निघू द्या सगळी."

आनंदराज फिरवत राहिला. तेलातले बुडबुडे कमी होत गेले. गाडी जमिनीवर उतरवली तेव्हा स्टेअरिंग एका बोटानं फिरलं.

"आता तुमची पोरगीबी चालवील की!" महांतेश कौतुकानं म्हणाला.

उदगीरहून परतताना सरळ रस्त्यावरही आनंदराजनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं होतं. इतकी वर्षं ज्याला तो आपलं बळ समजत होता, ती गाडीची खोड होती का? खोड गेली. मग आपल्यापाशी राहिलं काय?

सप्टेंबरातल्या एका रविवारी एका गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर मोटर पोचवायची होती. सुट्टी म्हणून धम्मप्रियाही बरोबर आली. डांबरी सोडून गाडी चाकोरीच्या चिखलात शिरली. पूर्वी अशा वाटेवर स्टेअरिंग तळहातात थरथरायचं, ओढायचं. चिखल किती खोल, टायर कुणीकडं, सगळं सांगायचं. आता ते मुकं झालं होतं. टायर सरळ आहेत समजून त्यानं रेस दिली. ते डावीकडं वळून चाकोरीच्या भिंतीत रुतलेले होते. गाडी तिरपी झाली आणि खचली.

"काय झालं पप्पा?"

"चाकं कुणीकडं हायेत, तेच कळंना."

असं वाक्य त्यानं जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. खाली उतरून कुणीतरी बघायला हवं होतं, आणि चिखल त्यालाच वाचता येत होता. स्टेअरिंगवरचा हात मात्र लवकर निघाला नाही.

"तू बस हितं," शेवटी तो म्हणाला.

"मी? गाडी शिकले तवा ही मागितली, तर हात उपटून येतील म्हणत हुता की!"

"बस गप. मी सांगतो तसं फिरव."

पोटरीभर चिखलात तो गाडीच्या पुढं जाऊन उभा राहिला. वाकून टायर पाहिले. "उजवीकडं. आनखी. बास! आता जरा मागं घे. रेस नको देऊ लई. हां, आता ये म्होरं, हळू."

गाडी कण्हली, चिखल झटकत वर आली आणि त्याच्या रोखानं चालू लागली. काचेवर शिंतोडे उडाले होते. आतला चेहरा नीट दिसत नव्हता. एवढ्या वर्षांत ही गाडी चिखलातून चालताना त्यानं समोरून कधी पाहिली नव्हती. तो बघतच राहिला. मग हात उंचावून, घट्ट जमीन पायानं चाचपत, एकेक पाऊल मागं सरकत तो तिला वाट दाखवू लागला, थेट विहिरीपर्यंत.