चौऱ्याहत्तर किलो वाळू

त्याला सगळे फूटपट्टी म्हणायचे आणि त्याला त्याचा राग यायचा नाही. उलट आतून जरा बरंच वाटायचं. अहो, गॅरेजवाले काय पैशाला पासरी मिळतात. गाडीवर थाप मारायची, 'होऊन जाईल साहेब' म्हणायचं, झालं! हा मात्र खिशातून पोलादी पट्टी काढून सरळ जमिनीवर पालथा पडायचा. वर आकडा असा सांगायचा की बायको विचारी, "घरी भाजीत मीठ किती पडलं तेही सांगा की एकदा, मिलिमीटरमध्ये."

काम त्याचं एकच. हलक्या स्पोर्ट्स गाड्यांची उंची जुळवायची. म्हणजे गाडी चाकांवर किती वर बसते, किती खाली, ते ठरवायचं. प्रत्येक चाकामागे स्प्रिंग असते आणि स्प्रिंगखाली आट्यांवर फिरणारी एक रिंग. ती वर चढवली की गाडी उठते, उतरवली की गाडी बसते. मग खालून दुसरी रिंग आणून पहिलीला जखडून टाकायची, की ती जागची हलायला नको. संपलं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण गाडी बेताची उतरवली तर वळणावर रस्त्याला चिकटून जाते, आणि त्याहून थोडी जास्त उतरवली तर खळग्यात पोट टेकतं, मग चाकं काय करतील ते देवच जाणे.

त्यात या गाड्या म्हणजे साडेपाचशे किलोंच्या. ड्रायव्हर आत बसला की नाक खाली जातं. म्हणून फूटपट्टीचा एक नियम होता: सीटवर ड्रायव्हरच्या वजनाइतकी वाळू ठेवल्याशिवाय मोजायचं नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाची पोत्यांची जोडी त्याच्याकडे असायची, वर खडूनं वजन लिहिलेलं. डॉक्टर ८१. वकीलबाई ६०. केकवाल्याची पोती तर दर वर्षी थोडी थोडी भरावी लागायची. भिंतीला टेकून ती सगळी ओळीनं बसलेली असायची. दुपारी शेडमध्ये एकटं असलं की कुणी कुणी वाट बघत बसलंय असं वाटायचं.

कोपऱ्यातली शेवटची जोडी होती 'दादा ७४'. ती अकरा वर्षांत कुणी उचलली नव्हती.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. गाडी दादाची, हौस दादाची, आणि रिंग फिरवायला हा. दादाला गाडी नेहमी आणखी खाली हवी असायची. हा म्हणायचा, नाही. दादा म्हणायचा, "तू ना, म्हाताराच जन्माला आलास." शेवटच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळीही हेच झालं होतं. यानं आपल्या मनासारखीच उंची ठेवली आणि दादा कुरकुरत गाडी घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी घाटातल्या शर्यतीला हा पोचला तेव्हा गाडी सुटली होती. तिसऱ्या वळणाआधी एक खळगा आहे. तिथं गाडीचं पोट टेकलं, तिनं गिरकी घेतली आणि मागच्या बाजूनं भिंतीवर आदळली. पुढचा भाग जसाच्या तसा राहिला. दादा राहिला नाही.

लोक म्हणाले, वेग आवरला नाही. पण फूटपट्टीनं गाडीखाली वाकून बघितलं होतं. पोटावर लांबलचक ताजा ओरखडा होता. त्यानं ठेवलेल्या उंचीला तिथं पोट टेकायलाच नको होतं. आणि तिथंच त्याला स्वतःवर संशय आला.

कारण आदल्या संध्याकाळी शेवटचं चाक उजवीकडचं पुढचं. त्याची पहिली रिंग फिरवून झाली, इतक्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली. तो उठला, दोन शब्द बोलून आला, हत्यारं आवरली. दुसरी रिंग कसली होती का? आठवेना. कितीही डोकं आपटलं तरी आठवेना. ती सैल राहिली असेल, तर वाटेत पहिली फिरत फिरत खाली आली असणार. म्हणजे भावाला मारलं कुणी? याच हातानं.

बघून खात्री करायला किती वेळ लागतो? चाक काढायचं, मान आत घालायची. दोन मिनिटं. अकरा वर्षं त्याला ती दोन मिनिटं मिळाली नाहीत. गाडी शेडच्या मागच्या खोलीत ताडपत्रीखाली उभी राहिली. मात्र महिन्यातून एकदा तो तिथं जायचा, चाकात हवा भरायचा आणि उजव्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पट्टी लावायचा. त्या संध्याकाळी पोती उतरवल्यावर त्यानं वहीत टिपलेला रिकाम्या गाडीचा आकडा होता तीनशे पस्तीस. पट्टी म्हणायची तीनशे तेवीस. दर महिन्याला तीनशे तेवीस. रिकामी गाडी अशी दबून उभी, जसं काही आत कुणी बसलंय. एकदा तर भर दुपारी, बाहेर रस्त्यावर माणसांची ये-जा चालू असताना, त्याच्या तोंडून निघून गेलं, "उतर ना रे दादा. मोजू दे मला."

आणि मग त्यालाच स्वतःच्या आवाजाची भीती वाटली. त्या दिवशी तो शेडला कुलूप लावून घरी गेला आणि जेवलाच नाही.

वहिनीनं कधी चकार शब्द काढला नव्हता. पण तोच तिच्या नजरेला नजर द्यायचा नाही. दारात सामान ठेवायचा, पुतणीची फी भरायची ती भरायचा आणि काहीतरी काम काढून पळायचा.

पुतणी त्या वेळी दहा वर्षांची होती. आता एकवीस. चेहरा बापाचा, जीभ आईची. गेलं वर्षभर तिनं त्याच मागच्या खोलीत स्वतः खपून गाडीचा मागचा भाग नव्यानं बांधला होता. रविवारी तिला तोच घाट चढायचा होता. "उंची तुम्हीच जुळवायची, काका. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये," असं तिनं बजावलं होतं. हा दोन महिने 'बघू, बघू' करत राहिला. शेवटी गुरुवारी दुपारी ती येऊन थडकली आणि तिनं ताडपत्री ओढून काढली.

"आज 'बघू' नाही. आज करायचं. आधी आत्ता आहे ती उंची सांगा."

"उजवी तीनशे तेवीस," तो न वाकताच म्हणाला.

"आणि डावी?"

"डावी बरोबर असणार."

"असणार?" ती हसायलाच लागली. "फूटपट्टी म्हणतेय 'असणार'? अहो काका, तब्येत बरी आहे ना?"

खरं सांगायचं तर अकरा वर्षांत डावीकडे पट्टी लावायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं. दुखतं तिथंच माणूस दाबून बघतो. पुतणी आडवी झाली, पट्टी लावली आणि म्हणाली, "तीनशे तेवीस."

"नीट बघ."

"बघितलं नीट. तुमच्याच तालमीतली आहे मी."

त्यानं तिच्या हातातून पट्टी घेतली. स्वतः मोजलं. पुन्हा मोजलं. डावी तीनशे तेवीस, उजवी तीनशे तेवीस. दोन्ही बरोबर बारा मिलिमीटरनं खाली. आता एक रिंग सैल राहिली तर एक बाजू खचेल. दोन्ही बाजू सारख्याच कशा खचतील? त्यानं जॅक लावला, उजवं चाक काढलं आणि इतक्या वर्षांनी मान आत घातली.

रिंग कसून झाली की तो आट्यांवर एक लाल ठिपका द्यायचा, बायकोच्या नेलपॉलिशचा. आधी कसायचं, मगच ठिपका. ठिपका वर आट्यांवर होता, वाळलेला, आपल्या जागी. आणि रिंगा त्याच्या बोटभर खाली होत्या. दोन्ही रिंगा. त्यानं पाना लावून जोर केला. हलेनात. कुणीतरी त्या मुद्दाम उतरवल्या होत्या आणि पुन्हा घट्ट जखडल्या होत्या.

"कसली होती," तो पुटपुटला. "मी कसली होती गं."

तो तिथंच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. पुतणीला काही कळेना. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. बिचारीला वाटलं, काकांना बाबांची आठवण आली.

"पण मग खाली कुणी केली?" डोळे पुसत तो म्हणाला.

"ह्यांनी," दारातून आवाज आला. वहिनी चहाचा थर्मास घेऊन उभी होती. कधी आली होती कोण जाणे.

"त्या दिवशी उजाडताच ह्यांनी पाना काढला. म्हणाले, धाकटा ऐकत नाही, मीच करतो. पण मोजायला पोती इथं, तुमच्याकडे. मग मलाच बसवलं सीटवर. हलू नकोस म्हणे, श्वाससुद्धा बेतानं घे. मी हसतेय, हे ओरडतायत. तासभर बसले होते मी. घाटातल्या खळग्यात पोट टेकायला अजून चार मिलिमीटर बाकी राहतात, एवढं पुरे, म्हणाले. आणि मला शपथ घातली, धाकट्याला सांगू नकोस, तो डोकं खाईल."

बोलताना ती हसत होती. मग हसू ओसरलं. थर्मास तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"भाऊजी, अकरा वर्षं एक विचारायचंय. तुम्ही माझ्याकडे बघतच नाही, म्हणून धीर झाला नाही. मी बसले होते, त्यानं तर काही झालं नाही ना?"

फूटपट्टीच्या डोक्यात आकडे आपोआप जुळत गेले. त्याला काही इलाज नव्हता. वहिनी बावन्न किलोंची. दादा चौऱ्याहत्तर. ती बसलेली असताना चार मिलिमीटर शिल्लक. मग तीच गाडी, तीच रिंग, आणि आत बावीस किलो जास्त. ते चार मिलिमीटर गाडी सुटायच्या आधीच संपले होते. अकरा वर्षं त्या सीटवर कोण बसलं होतं ते त्याला आत्ता कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"आई," पुतणी सावकाश म्हणाली, "तू तेव्हा पन्नास-बावन्न असशील ना? आणि बाबा तर..."

तिचे ओठ हिशेब करत हलत होते. मुलगी हुशार. आणखी दोन क्षण, आणि उत्तर तिच्या तोंडावर आलं असतं, आईसमोर.

"त्याचा काही संबंध नाही," फूटपट्टी म्हणाला. जरा मोठ्यानंच. "शर्यतीच्या जागी मी पुन्हा मोजली होती. दादाची पोती घेऊन गेलो होतो. दादाच्या वजनावर मोजली आणि तशीच राहू दिली."

"तुम्ही तर उशिरा पोचलात म्हणायचात."

"पोचलो होतो वेळेवर. नंतर लपवायला म्हणायचो तसं."

"वहीत नाही ते."

"नाही लिहिलं."

"तुम्ही? नाही लिहिलं?"

"नाही लिहिलं गं! किती वेळा सांगू?" तो खेकसला, आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा त्यानं वहिनीकडे सरळ बघितलं. "वहिनी, तुमच्या बसण्यानं काही झालं नाही. शेवटचा हात माझा होता. उंची मी ठरवली. चुकलं ते माझं."

वहिनी बाकड्यावर बसली. मग तिनं असा श्वास सोडला, जसं काही सीटवरून हलायची परवानगी आत्ता मिळाली. "मला वाटायचं, मी हसले म्हणून..." एवढंच म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली. रडून झाल्यावर तिनं तिघांना चहा ओतला. फूटपट्टीचा कपही तिनंच त्याच्या हातात दिला. "जाऊ द्या, भाऊजी. मुद्दाम का कुणी करतं?"

पुतणीनं चहा घेतला नाही. ती काकांकडे बघत उभी होती. लहानपणापासून जिचं ज्या माणसावाचून पान हलत नव्हतं, तिच्या डोळ्यांत त्या माणसाबद्दल आता काही राहिलं नव्हतं. मग तिनं हात पुढे केला.

"पाना द्या. रिंग मी फिरवते."

त्यानं दिला.

"पोती लागतील. माझं वजन अठ्ठावन्न."

कोरी पोती शेडमध्ये होती, वाळूही होती. पण त्यानं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "ती घे. चौऱ्याहत्तर आहेत. सोळा काढ."

ती जराशी थबकली. मग गेली, गाठी सोडल्या, काट्यावर ठेवून ठेवून वाळू पत्र्याच्या डब्यात ओतली. पुन्हा गाठी मारल्या आणि वरचा खडू तळहातानं पुसून टाकला. पोती सीटवर ठेवताना तिनं काकांची मदत घेतली नाही. दोन्ही बाजूंच्या रिंगा सहा-सहा आटे वर चढवल्या, खालच्या जखडल्या, चाकं लावली, जॅक उतरवला आणि पट्टी घेऊन खाली वाकली.

"थांब," तो म्हणाला. "आधी पुढे-मागे ढकलून घे. जॅकवरून उतरलेली गाडी लगेच बसत नाही."

दोघांनी मिळून गाडी ढकलली, एकमेकांकडे न बघता. मग ती फरशीवर आडवी झाली. उजवी मोजली, डावी मोजली.

"तीनशे तीस. दोन्ही."

त्यानं वही उघडली. तारीख घातली, वजन घातलं, उंची लिहायला घेतली. तीनचा आकडा जरा वेडावाकडा आला. त्यानं तो खोडून पुन्हा नीट लिहिला.