आमचा पंचवटीचा आयरिश बँड

माझा बालमित्र वीस वर्षं परदेशात नोकरी करून पंचवटीत परत आला, तेव्हा त्याच्यासोबत त्याची आयरिश बायको होती आणि तिच्या खांद्याला व्हायोलिनची पेटी. मित्राने सातपूरला छोटं वर्कशॉप टाकलं. बायको मराठी शिकू लागली. वर्षभरात ती भाजीबाजारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस करू लागली आणि गल्लीने तिला वहिनी करून टाकलं.

त्याच गल्लीत माझा व्हायोलिनचा क्लास आहे. एका सकाळी ती पेटी घेऊन दारात उभी राहिली.

"मास्तर, एकटीने वाजवून कंटाळा आला. माझ्याबरोबर वाजवाल?"

मी मनात म्हटलं, लोकसंगीत तर आहे, तासाभरात हाती येईल. ती उभ्याने वाजवत होती आणि पायाने माझ्या शहाबादी फरशीवर ठेका धरत होती. जिग नावाचा नाचाचा प्रकार होता तो. मी सहा मात्रा मोजल्या. "हा तर आपला दादरा!" असं म्हणून मांडी घातली, व्हायोलिन पायाला टेकवलं आणि सुरू झालो.

चार ओळींनंतर तिने हात वर केला.

"सगळे सूर बरोबर आहेत," ती म्हणाली. "पण तुम्ही प्रत्येक सुराशी बोलत बसता, मास्तर. तोपर्यंत नाचणारा पडतो."

तीस वर्षं मी व्हायोलिन शिकवतोय. आठ दिवस मी तिच्या दाराकडे फिरकलो नाही. नवव्या दिवशी गेलो, कारण ती चाल डोक्यातून जाईना.

मग सहा महिने मी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, विसरायला शिकलो. गुरूंनी जे अंगात मुरवलं होतं ते बाहेर ठेवून सूर सरळ, हलका मारायचा आणि पुढे पळायचं. कागद नाही, नोटेशन नाही. ती दोनदा वाजवणार, तिसऱ्यांदा मी. प्रत्येक चालीला तिच्याकडे माणूस होता. ही आजोबांकडून आलेली, ही गावच्या पोस्टमनकडून, ही कुणा विधवा शेजारणीची. मला सांगितलेल्या बंदिशींना घराणी होती. पोस्टमनची चाल मी पहिल्यांदाच वाजवत होतो.

चाचा आमच्यात आले ते मे महिन्यामुळे. वहिनीकडे बौरान होता, म्हणजे त्यांच्याकडचा डफ, आखूड लाकडी टिपरीने वाजवतात तो. नाशिकच्या उन्हाने त्याचं कातडं टरकन फाटलं. मी तिला भद्रकालीत घेऊन गेलो. तिथे चाचांचं ढोलकी, तबला, डफ मढवायचं दुकान आहे, आणि स्वतः चाचा पूर्वी कव्वालीत साथ करायचे. त्यांनी बौरानची लाकडी कडी उलटीपालटी करून पाहिली.

"मॅडम, हा तर आपलाच डफ. लांबून आलाय, म्हणून रुसलाय."

बोकडाचं पातळ कातडं त्यांनी चढवलं. चार दिवसांनी बौरान घ्यायला गेलो, तर चाचा तो वाजवत बसलेले. टिपरीची दोन्ही टोकं अशी फिरत होती की वहिनी दुकानाच्या पायरीवरच बसली. "हे शिकायला मला तीन वर्षं लागली होती," ती म्हणाली. त्या दिवसापासून आम्ही तिघं झालो.

पहिला कार्यक्रम सातपूरच्या एका कारखान्याच्या वार्षिक समारंभात मिळाला. निवेदकाने आम्हाला 'पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा' म्हणून पुकारलं. जिगसारखीच रीलही त्यांच्याकडची नाचाची चाल. मी पुढची चाल 'रील' आहे असं सांगितलं, तर अर्ध्या लोकांनी मोबाइल वर केले. तिसऱ्या चालीला मागून कुणी ओरडलं, "एखादं पिक्चरचं घ्या की!" चौथ्या चालीला जेवण सुरू झाल्याचं जाहीर झालं आणि समोर खुर्च्या उरल्या.

मित्राने त्याचा व्हिडिओ सासऱ्यांना पाठवला. वहिनीचे वडील ऐंशी पार केलेले, जन्मभर गावात व्हायोलिन वाजवलेले. मुलगी इतक्या दूर गेली याचा राग त्यांनी कधी लपवला नव्हता. फोनवर ते एवढंच म्हणाले, "स्वच्छ वाजवता. पण यावर माझा पाय उचलला नसता."

वहिनीने फोन पालथा ठेवला. दोन आठवडे तालीम झाली नाही.

मग चाचा आपणहून माझ्या क्लासवर आले. "मास्तर, त्या बुजुर्गांचं खरं आहे. मी तुमच्या मागे पळतो, तुम्ही वहिनीच्या मागे, आणि वहिनी आपल्या अब्बांच्या मागे. नाचणाऱ्याकडे बघतंय कोण?"

"नाचणारे आणायचे कुठून?"

चाचांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. गल्लीत मुली फुगडी घालत होत्या.

तेव्हापासून आमची तालीम गल्लीत होऊ लागली. आम्ही ओट्यावर उभे, खाली मुली फुगडी घालणार. मुलींना संगीतातलं काही कळत नव्हतं आणि तेच बरं होतं. ठेका ढिला पडला की त्या सरळ थांबायच्या. "मास्तर, तुमच्यामुळे पाय अडकला!" असं मला भर गल्लीत ऐकावं लागायचं. पावसाळाभर ऐकलं. दिवाळीच्या सुमाराला एका संध्याकाळी लक्षात आलं, मुली थांबतच नाहीयेत. त्यांच्या आयाही ओढण्या खोचून उतरल्या होत्या. वहिनी वाजवता वाजवता हसत होती, आणि मला पहिल्यांदाच हाताकडे लक्ष द्यावं लागत नव्हतं.

डिसेंबरात तिचे वडील नाशिकला आले. काठी टेकत, कमी बोलणारे. त्याच आठवड्यात कळवणच्या पुढच्या एका शाळेत स्नेहसंमेलनाला बोलावणं होतं. तिथले मुख्याध्यापक माझे जुने विद्यार्थी. वडील म्हणाले, "मीही येतो."

दुपारचं ऊन, शाळेचं पटांगण, चहूकडून गावं लोटलेली. वडील पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी ठेवून बसले. आमच्याआधी गावाचा पावरीचा नाच झाला. पावरी म्हणजे भोपळा आणि बांबूचं लांबलचक वाद्य. ते फुंकणारे आजोबा मध्ये, आणि भोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरलेली माणसं. नाच संपला, तरी फेर मोडला नव्हता. माणसं दम खात उभी होती.

चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "मास्तर, थांबू नका. घ्या."

निवेदन नाही, काही नाही. चाचांनी दादऱ्याचा ठेका धरला, वहिनीने पोस्टमनची जिग उचलली आणि मी तिच्यात शिरलो. फेरातली माणसं क्षणभर बघत राहिली. मग एका बाईने पाऊल टाकलं आणि सगळा फेर हलला. त्यांची पावलं आमच्या चालीवर अशी बसली, जणू ती चाल डोंगरापलीकडच्या वाडीवरूनच आली होती. दुसऱ्या फेरीला पावरीवाल्या आजोबांनी खालचा एकच सूर धरला आणि सोडलाच नाही.

आम्ही संपवलं तर ते ओरडले, "नाय नाय, थांबू नका! लय पळती चाल, परत घ्या!"

आम्ही परत घेतली. तेव्हा मला दिसलं, पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. काठी खाली पडलेली. वहिनीचे वडील फेरात होते, एका बाजूला शाळेच्या स्वयंपाकीणबाई, दुसऱ्या बाजूला फेटेवाला शेतकरी, आणि वरचं अंग ताठ ठेवून त्यांचे पाय त्यांच्या गावच्या रीतीने झरझर पडत होते. गाव टाळ्यांनी ठेका देत होतं. वहिनी रडत होती, पण तिचा गज एकदाही चुकला नाही.

नंतर घामाघूम होऊन ते माझ्यासमोर आले आणि त्यांनी माझं व्हायोलिन मागितलं. स्वतःची एक चाल वाजवली, जी त्यांनी मुलीलाही दिली नव्हती. दोनदा वाजवून व्हायोलिन परत माझ्या हातात ठेवलं. वहिनी म्हणाली, "मास्तर, तिसऱ्यांदा तुमची पाळी."

मी वाजवली. त्यांनी मान डोलावली, एकदाच.

आज आम्ही पाच जण आहोत. फुगडीतली एक मुलगी बासरी वाजवते, पावरीवाले आजोबा मोठ्या कार्यक्रमांना कळवणहून बसने येतात. गेल्या हिवाळ्यात नाशिकच्या सभागृहात आमचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम झाला. पिक्चरचं एकही गाणं नाही. तासाभरात लोक खुर्च्यांमधल्या वाटांमध्ये उतरले, मग रंगमंचासमोर, मग चक्क रंगमंचावर. व्यवस्थापक धावत आला आणि म्हणाला, "अहो, त्यांना बसायला सांगा!"

चाचा बौरान वाजवतच ओरडले, "तुम्हीच सांगा! आमचे हात गुंतलेत!"