दादाचा चष्मा

कुणी काहीही सांगितलं की ती कमरेवर हात ठेवून विचारायची, "बरं, मग?" चारठाण्यात आमच्या शेजारीच राहायची. दहावीला होती, गणितासाठी माझ्याकडे यायची. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही.

तिचा थोरला भाऊ पुण्याला कारखान्यात होता. चार वर्षं घरी फिरकला नव्हता. फोनवर एकच, सुट्टी न्हाई. पोरानं तिकडेच लग्न केलं, असं गल्लीनं ठरवूनही टाकलं होतं. आई रडकुंडीला यायची. ही म्हणायची, "केलं असंल. बरं, मग?"

उन्हाळ्यात तो आला तो काळा चष्मा लावून. जेवतानाही काढायचा नाही. "धूळ सोसत न्हाई," म्हणायचा. वडिलांनी लगेच सेलूची मुलगी बघायला जायचं ठरवलं.

आदल्या दिवशी सकाळीच ती माझ्याकडे आली. न्हाणीत पाणी ठेवायला गेली तर भाऊ वाकून तोंड धूत होता आणि त्याचा डावा डोळा तळहातावर होता. काचेचा. मशीनमधून लोखंडाची किरच उडून डोळ्यात गेली होती. घरी न येण्याचं कारण तेच.

"ओरडलीस का गं?"

"न्हाई काकू. तांब्या दिला हातात. म्हणलं, साबण ऱ्हाईलाय, नीट धू."

एवढं सांगितलं आणि माझ्या उंबऱ्यावर बसून रडली.

दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी तिनं भावाला अंगणात अडवलं. मी आमच्या दारातच होते.

"दादा, त्या पोरीला सांगणार हायस का?"

"जमल्यावर सांगतो."

"मग मी येत न्हाई. आन् आईला बी फसवायलायस तू."

तो चष्मा काढून आईपुढे गेला. आईचा हंबरडा सगळ्या गल्लीनं ऐकला.

सेलूला त्यानं आधी तेच सांगितलं. सोयरीक फिसकटली. वडिलांनी दोष लेकीला दिला आणि तिच्याशी बोलणं टाकलं. भाऊ मात्र पुन्हा पुण्याला गेला नाही. गावातच पाण्याच्या मोटारी दुरुस्त करू लागला. पुढे त्याचं लग्नही झालं, सगळं सांगून-सवरून.

बारावीनंतर ती नर्सिंगला नांदेडला निघाली. पिशवी घेऊन वडील एसटीत चढले, ते उतरलेच नाहीत. लेकीशेजारी बसून जिंतूरपर्यंत गेले. संध्याकाळी परतल्यावर म्हणाले, "लय गर्दी होती. उतरता आलं न्हाई."

गाडी अर्धी रिकामी होती. आम्ही सगळेच फाट्यावर उभे होतो.