साडूंनी वाटलेला बायोडेटा

कशेळीच्या पुलापासून काल्हेरच्या टोकापर्यंत जेवढी गोडाऊनं आहेत, त्या प्रत्येकात माझ्या साडूंनी कामाला लावलेला निदान एक तरी माणूस आहे. हे विधान मी तपासलेलं नाही. एरवी न तपासलेली गोष्ट मी कागदावर उतरवत नाही. एका रविवारी मी वही घेऊन खरंच मोजायला निघालो होतो, पण "मी त्यांचा साडू" एवढं सांगितल्यावर तिसऱ्या गोडाऊनला चहा घ्यावा लागला, पाचव्याला जेवावं लागलं, आणि सहाव्याच्या कट्ट्यावर मला झोप लागली.

हे माझे थोरले साडू, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दादा म्हणतो. वय सत्तावन्न, शिक्षण आठवी, हातात सोन्याचं कडं, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. काल्हेरला त्यांच्या भाताच्या शेतावर आता गोडाऊन उभं आहे, त्याचं भाडं येतं, त्यामुळे स्वतःला कामधंदा असा काही नाही. म्हणून दिवसभर दुसऱ्यांना कामधंदा शोधतात. नवा माणूस भेटला की त्याला तीन प्रश्न विचारतात: गाव कंचा, आईचं माहेर कंचा, ना जेवलास का. तिसऱ्या उत्तरापर्यंत नातं निघालेलं असतं. त्यांच्या फोनमध्ये कोणाचंही आडनाव नाही. 'पडघा मामाचा जावई फोर्कलिफ्ट', 'चष्मेवाला डिस्पॅच', 'ताईची नणंद एचआर' अशी नावं आहेत. माझं नाव 'साडू मोजणारा' असं आहे. हे मला कळलं तेव्हा वाईट वाटलं. नंतर विचार केला, माहिती अचूक आहे.

तर असे हे साडू एकदा मला ठाण्याच्या एका हॉटेलात 'क्लाउड उद्योग : नोकऱ्या आणि संधी' अशा नावाच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. भाडेकरू कंपनीने त्यांना दोन पास दिले होते आणि दुपारचं जेवण होतं. कोटातले एक गृहस्थ तासभर बोलले. मी बारा पानं टिपणं काढली आणि शेवटी आधी कळत होतं तेवढंही कळेनासं झालं. साडू डोळे मिटून ऐकत होते. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दादा, काय समजलं?"

"यात काय समजायचा? भाड्याचा गोडाऊन. माल आपला, जागा दुसऱ्याची, जेवढी जागा लागंल तेवढा भाडा. वाढला माल, वाढव जागा. ह्यो तर माझा धंदा हाय. त्यांनी नुसता एसी लावला."

मी बारा पानं खिशात घातली. आजतागायत मला यापेक्षा चांगला खुलासा मिळालेला नाही.

त्या वक्त्यांनी एक गोष्ट मात्र अशी सांगितली की साडू खुर्चीवरून उठून एकटेच टाळ्या वाजवायला लागले. या क्षेत्रात बऱ्याच नोकऱ्या अर्जाने न लागता ओळखीने लागतात, त्याला नेटवर्किंग म्हणतात, असं ते म्हणाले होते. "बग," साडू मला कोपराने ढोसत म्हणाले, "आमी करतो ता वशिला, ना त्यांनी केला का नेटवर्किंग!" मग चहाच्या सुट्टीत सगळे एकमेकांना व्हिजिटिंग कार्डं देत होते. साडूंकडे कार्ड नव्हतं, म्हणून ते भेटेल त्याला पुतण्याच्या हळदीचं आमंत्रण देत सुटले. मला वाटलं, कोण येतंय. अकराजण आले. गळ्यात कंपनीचे पट्टे तसेच, आणि मटणाच्या पंगतीला मांडी घालून बसले. त्या एका हळदीत दोघांची नोकरी बदलली आणि एकाचं लग्न जमलं. मी त्याच कार्यक्रमात चार कार्डं मिळवली होती. चौघांनाही व्यवस्थित पत्र पाठवलं. उत्तर एकाचंही नाही.

पुढे तर भिवंडीतल्या कोणत्या गोडाऊनने मालाचा हिशेब क्लाउडवर नेला, हे साडू गेटवरूनच ओळखायला लागले. त्यांची कसोटी साधी होती. ट्रकवाले कागद हातात घेऊन तासन्‌तास बसलेले दिसले, की आत अजून वही आहे. ट्रक आला आणि लगेच सुटला, की वही गेली. "ना चायवाल्याला इचार," ते म्हणायचे. "ड्रायवर थांबला न्हाय तर चाय कोन पिनार? चायवाला रडला का समज, क्लाउड आला." मला हे फारच अशास्त्रीय वाटलं. मी एकोणीस गोडाऊनांचा तक्ता केला, आत जाऊन खात्री केली. साडू सोळा ठिकाणी बरोबर निघाले. त्या तक्त्यात मी स्वतः नोकरी करत होतो ते गोडाऊन घेतलं नव्हतं. आमच्या गेटवरचा चहावाला महिनाभर रडत होता आणि मी रोज त्याच्याकडे अर्धा कप चहा पीत होतो.

मी कशेळीला साबणाच्या एका गोडाऊनमध्ये स्टोअर सुपरवायझर होतो, बावीस वर्षं चार महिने. आमच्याकडे क्लाउड आलं तेव्हा सगळ्यांना सांगण्यात आलं की वह्या बंद. मी बंद केली नाही. यंत्र चुकणार याबद्दल मला इतकी खात्री होती, की अकरा महिने मी वजनकाट्यामागे वही लपवून चोरून नोंदी केल्या. यंत्राला रंगेहाथ पकडायचं आणि साहेबांपुढे उभं करायचं, असा बेत. अकरा महिन्यांनी वहीचा आणि यंत्राचा ताळा घातला. बारा ठिकाणी फरक आला. मला फार आनंद झाला. मग मी बाराही ठिकाणची खोकी स्वतः उतरवून मोजली. अकरा चुका माझ्या निघाल्या. बारावी उंदरांची होती. साबणाची दोन खोकी त्यांनी आतून पोखरली होती आणि ती मी अख्खी धरली होती, यंत्राने वजनावरून वगळली होती. साहेबांपुढे मी गेलोच नाही, पण साहेबांनी मला बोलावलं. आता सगळ्या गोडाऊनांचा माल एकच माणूस ऑफिसात बसून बघणार होता. मला साठ दिवसांची मुदत मिळाली.

मुलीच्या इंजिनियरिंगची दोन वर्षं बाकी होती आणि माझं वय एक्कावन्न होतं. या दोन आकड्यांची मी बेरीज-वजाबाकी कशीही केली तरी उत्तर सारखंच वाईट येत होतं. घरी बायकोला सांगितलं आणि बजावलं, "ताईला एवढ्यात कळवू नकोस." मी घड्याळ लावलं नव्हतं, पण साडूंचा फोन आला तेव्हा माझा चहा अजून गरम होता. पाठोपाठ ते स्वतः आले.

"साडू, नोकरी गेली तुझी, ना तू मना सांगत न्हाय?"

"अजून गेली नाही, दादा. साठ दिवस आहेत. आजचा धरला तर एकोणसाठ."

"ह्यो बग, इथं पन मोजतो!" ते बायकोला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कागद दे तुझा. काय केलंस, किती वर्सं केलंस, समदा लिव. बाकीचा मी बगतो."

बायोडेटा लिहायला मला तीन दिवस लागले. अनुभव लिहिला, घेतलेल्या रजा लिहिल्या, आणि कागद खरा असावा म्हणून शेवटी एक रकाना केला : 'अकरा महिने चोरून ठेवलेल्या वहीत आढळलेल्या चुका : १२, पैकी स्वतःच्या ११, उंदरांची १.' बायकोने वाचून कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही नोकरी मागताय की गुन्हा कबूल करताय?"

"विचारलं तर सांगावं लागेलच ना?"

"विचारलंय कोणी?"

मला वाटलं, साडू वाचतील आणि नको असेल ते काढतील. साडूंना वाटलं, साडू मोजणारा आहे, त्याने लिहिलंय म्हणजे तपासायचं काय. त्यांनी तो कागद तसाच भिवंडीतल्या त्यांच्या नेहमीच्या छापखान्यात दिला. हा छापखाना त्यांच्या भावकीतल्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका छापतो आणि त्याच्याकडे साचा एकच आहे. आठवड्याने साडूंनी माझ्या हातात जाड, लाल कडेचं, अत्तराचा वास येणारं कार्ड ठेवलं. वर सोनेरी गणपती. खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आणि मग माझं नाव. मधोमध माझी बावीस वर्षं चार महिने. चुकांचा रकाना वेलबुट्टीच्या चौकटीत, मुहूर्त छापतात त्या जागी. सर्वांत खाली 'आपले नम्र' म्हणून काल्हेरची सगळी भावकी, आणि कोपऱ्यात चिमुकल्यांचा आग्रह : 'आमच्या काकांना नोकरीला घ्यायचं हं!'

"किती छापल्यात?" मी खाली बसत विचारलं.

"पाचशे. कमी पडल्या तर अजून छापू."

"दादा, आजकाल हे सगळं मोबाइलवर पाठवतात हो."

"मोबाइलवरच्या आवतनाला कोन येतो? पत्रिका हातात द्याची, पानी प्याचा, मंग निगायचा."

आणि त्यांनी त्या खरोखरच तशा वाटल्या. घरोघर पत्रिका देतात तशा, गोडाऊनमागून गोडाऊन, पाच दिवस. पहिल्या दिवशी मला बरोबर नेलं होतं. मी गाडीत सीटच्या खाली काहीतरी पडल्यासारखं करून वाकून बसलो होतो. एकाने खिडकीतून डोकावून "मुलगी कुठली?" असं विचारलं, तेव्हा मी दुसऱ्या दिवसापासून जायचं बंद केलं.

तेविसाव्या दिवशी ठाण्याहून फोन आला. गोडाऊनांना क्लाउडची सिस्टिम विकणारी एक कंपनी होती, तिथल्या मॅडमनी भेटायला बोलावलं होतं. साडू सोबत आले आणि खाली वॉचमनजवळ थांबले. मी वर गेलो. मॅडम माझ्यापेक्षा निदान वीस वर्षांनी लहान असतील. टेबलावर, कुठल्याशा गोडाऊनमधून तिथवर पोचलेलं, ते लाल कार्ड होतं. माझ्या कानांना ऊन लागल्यासारखं झालं.

"हे चुकांचं खरं आहे?" त्यांनी विचारलं.

"हो. दोनदा मोजल्यात."

"आणि ही अकरा महिन्यांची वही? आम्ही वह्या बंद करायला सांगतो ना?"

"सांगता. पण आम्ही लपवतो."

"आम्ही म्हणजे?"

"सगळेच जुने स्टोअरवाले. वजनकाट्यामागे, नाहीतर देवाच्या फोटोमागे. काहीजण जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवतात."

मॅडमनी आतून आणखी दोघांना बोलावलं आणि म्हणाल्या, "यांना तेच पुन्हा सांगा." त्यांची अडचण अशी होती की गोडाऊनं सिस्टिम विकत घेत होती, पण वापरत नव्हती. माणसं वहीत लिहायची आणि आठवड्यातून एकदा आठवेल ते यंत्रात भरायची. कंपनीकडे इंजिनियर भरपूर होते. ज्याने यंत्रावर संशय घेतला, त्याची परीक्षा पाहिली आणि मग हार मानली, असा माणूस एकही नव्हता. मला वर्षभराच्या करारावर घेतलं. काम काय, तर गोडाऊनोगोडाऊनी जायचं, लपवलेल्या वह्या शोधायच्या आणि वहीवाल्याशेजारी बसून दोन्हींचा ताळा घालून दाखवायचा. बावीस वर्षांत मी चोख काम केलं त्याचं कोणाला काही वाटलं नाही. चोरून जे केलं, त्यावर माझं घर चालू राहिलं.

खाली आलो तर साडूंचा आणि वॉचमनचा डबा एकत्र उघडलेला होता, आणि साडूंना त्या इमारतीतल्या आणखी दोन रिकाम्या जागा समजलेल्या होत्या. मी बातमी सांगितली. ते नुसते "हां" म्हणाले, तोंड फिरवून बराच वेळ नाक शिंकरत राहिले, आणि मग वॉचमनला म्हणाले, "ह्यो आमचा साडू. मोजाला लय हुशार."

नोकरीला लागून दोन महिने झाल्यावर एका रविवारी ते दुपारी एकटेच घरी आले. येताना नेहमीसारखा कोणाचा कागद बरोबर नव्हता. पाणी प्यायले, पंख्याकडे बघत बसले, आणि मग म्हणाले, "साडू, मना पन एक कागद लिवून दे."

"कोणासाठी?"

"मना म्हनतो ना. माझा."

मला वाटलं थट्टा करताहेत. "दादा, तुम्हाला काय गरज आहे?"

"भाडा येतो रे. घरात बसून येतो. काम येत न्हाय." त्यांनी कड्यावरून अंगठा फिरवला. "शेत होता तवा सांज झाली का बाबा बोलायचा, उद्या लवकर ये, बांध घालाचा हाय. शेत गेला, बाबा गेला. तवापासून मना कोन बोलला न्हाय, उद्या ये म्हनून."

मी वही घेतली. नाव लिहिलं, वय लिहिलं, शिक्षण आठवी लिहिलं. अनुभव या शब्दापुढे माझा हात थांबला. ज्या माणसाने माझ्या आयुष्याची पाचशे कार्डं छापली, त्याच्याबद्दल लिहायला माझ्याकडे एक ओळ नव्हती. शेवटी मी लिहिलं, 'कोणत्याही गोडाऊनमध्ये गेल्यास माणसं उठून पाणी देतात.' त्यांनी ते बोट ठेवून, ओठ हलवत, दोनदा वाचलं.

"खरा हाय ना ह्या?"

"खरं आहे."

मग मीच विचारलं, "कोणाकोणाला द्यायचा?" त्यांनी नकारार्थी मान हलवली, कागदाच्या चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवून दिला.

जायला उठले तेव्हा मी म्हटलं, "दादा, माणसं मला वह्या दाखवत नाहीत. कंपनीचा माणूस म्हणून घाबरतात. उद्या पडघ्याला जायचंय, साडेनऊला. तुम्ही याल का? पगार नाही."

ते चपला घालत होते. वर न बघता म्हणाले, "कवा बोल्लास?"

"साडेनऊ. उद्या या."

दुसऱ्या दिवशी मी दात घासत खिडकीशी गेलो, तर खाली त्यांची गाडी उभी होती. ते आत बसले होते, नवा शर्ट घालून, मांडीवर डबा घेऊन. आठ वाजायला वीस मिनिटं होती.