तिसऱ्या दिवसाचं पाणी

आमच्या गावात बाईला सहसा तिच्या नावानं हाक मारत नाहीत. पोरगा झाला की ती पोराची आई होते आणि आपलं नाव हळूहळू स्वतःही विसरते. जिला मूलच झालं नाही तिला काय म्हणायचं? तिला आम्ही उम्म-गायब म्हणतो, म्हणजे जो अजून आलाच नाही त्याची आई. दिमयानाला अख्खं गाव उम्म-गायब म्हणायचं. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट नसायचं, पण मला ते नाव कधी तोंडातून काढवलं नाही. मी तिला खाला म्हणायचे, मावशी म्हणावं तसं. तिचं घर आणि माझं घर यांच्यात एकच मातीची भिंत. तिच्याकडे भाकरी फुगली की वास माझ्याकडे, आणि माझ्या सासूनं मला शिव्या घातल्या की त्या तिच्याकडे.

तिचा नवरा बखीत नावाडी होता. गाव नाईलच्या या काठाला आणि कबरी पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. मुसलमानांच्या तिकडेच, आम्हा ख्रिस्ती लोकांच्याही तिकडेच. नावेशिवाय इथे मेलेल्याला गत्यंतर नाही. बाजाराच्या दिवशी बखीतच्या नावेतून कांदे जायचे, बकऱ्या जायच्या. पण गावात कुणी गेलं की तो बकऱ्या उतरवायचा, फळ्या घासून धुवायचा आणि डोक्याला धुतलेलं फडकं बांधायचा. त्याचा बाप हेच करायचा, आजाही हेच. डोंगरात जुन्या लोकांच्या कोरीव गुहा आहेत. एकीच्या भिंतीवर नाव रंगवली आहे, नावेत मढं आहे आणि काठावर बायका डोक्यावर हात घेऊन रडताहेत. बखीत त्यातल्या वल्हं मारणाऱ्याकडे बोट दाखवायचा. "हा आमचा पणजोबा. तोंड बघ कसं वाकडं केलंय. मढ्याचा कुणीतरी पुतण्या भर नदीत नावेत उभा राहिला असणार."

आणि दिमयाना त्या काठावरच्या बायकांपैकी. कुणाकडे मयत झाली की तिला बोलावणं यायचं, मग ते घर मशिदीत जाणारं असो की चर्चमध्ये. ती रडण्याची गाणी म्हणायची. मेलेल्याशी बोलायची, मेलेल्याच्या वतीनं घरच्यांशी बोलायची, पुढची वाट कशी आहे, दारावर कोण बसलंय, तहान लागली तर पाणी देणारं झाड कुठे आहे, सगळं सांगायची. तिनं गायला सुरुवात केली की दगडालाही पाझर फुटायचा. आमचे पाद्री अबूना विस्सा यांना हे खपत नसे.

"दिमयाना, हे सगळं फारोंच्या काळचं आहे. आपला माणूस ख्रिस्ताकडे जातो. त्याला नावाडी कशाला लागतो?"

"अबूना, तुम्ही परवा पलीकडे चालत गेला होतात का?"

अबूना दाढीत हसायचे आणि विषय सोडून द्यायचे. माणूस मनानं मऊ होता, उपदेश करायचा तो कामाचा भाग म्हणून.

मुलासाठी तिनं कमी केलं नाही. पलीकडच्या पडक्या देवळात दगडात कोरलेली एक आई आहे. डोक्यावर शिंगं, शिंगांमध्ये सूर्य आणि मांडीवर पोर अंगावर पितंय. मूल हवं असलेल्या बायका तिच्या गुडघ्यावरून हात फिरवतात. अशा किती हातांनी तो गुडघा तुळतुळीत झाला असेल देव जाणे. दिमयाना तिकडे जाऊन आली आणि त्याच संध्याकाळी चर्चमध्ये मरियमच्या चित्रापुढे मेणबत्ती लावून आली. मरियमच्याही मांडीवर पोर आहेच.

मी तिला छेडलं, "खाला, दोघींना सांगितलंस. एकीनं ऐकलं तर दुसरी रुसेल."

"दोघी कुठे आहेत गं? एकच आहे. म्हातारपणी शिंगं गळाली, एवढंच."

पण ऐकलं कुणीच नाही. तिला बखीत आणि बखीतला ती. तो परत येताना भर नदीतून ओरडायचा, "चहा ठेव गं!" आणि ती घरातून ओरडायची, "आधी काठाला तरी लाग!" सारं गाव ऐकायचं. बायका म्हणायच्या, या वयात लाज नाही. हेव्यानं म्हणायच्या. माझा नवरा जेवायला वाढलं तरी तोंड उघडत नसे, तेव्हा मला विचारा.

ईस्टरच्या आधीच्या उपासांत बखीतच्या छातीत दुखलं आणि घरच्या खाटेवर, डाळीची वाटी हातात असताना, तो गेला. दुसऱ्याच्या नावेतून त्याला पलीकडे नेलं. दिमयाना नावेत बसली होती, पण तिच्या तोंडून एक ओळ निघाली नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय.

आमच्यात शरीर त्याच दिवशी जातं, जीव घरातच राहतो. आपल्या जागेवर बसतो, आपल्या पेल्याकडे बघतो, आपण गेलोय हे त्याला पटत नाही. तिसऱ्या दिवशी अबूना येतात. परातीत पाणी आणि शेजारी भाकरी ठेवतात, प्रार्थना करतात, पाणी घरभर शिंपडतात आणि दार सताड उघडून जीवाला वाट मोकळी करून देतात. ख्रिस्त तिसऱ्या दिवशी उठला म्हणून ही प्रार्थना, असं अबूना सांगतात. आम्हा बायकांना विचाराल तर ती जीवाला निरोप द्यायची. दोन्ही खरं असेल. त्या दाराबाहेर गेलेला जीव मात्र परत येत नाही.

तिसऱ्या दिवशी अबूना आले तर दिमयानाच्या दाराला आतून कडी.

"दिमयाना, दार उघड. मी आलोय."

"अबूना, आज नको."

"अगं, तिसरा दिवस रोज येतो का?"

"म्हणूनच नको."

बाहेर गर्दी जमली. माझी सासू रिफ्का सगळ्यांत पुढे, ती कुठल्याही गर्दीत पुढेच असायची. "उम्म-गायब, वेडी झालीस का? मेलेल्याला घरात कोंडून ठेवतात का कधी?"

आतून आवाज आला, शांत. "कोंडलं नाही. राहू दिलंय."

अबूना उन्हात उभे राहून राहून परत गेले. चाळिसाव्याला आले, तेव्हाही कडी.

मग ती त्याच्याबरोबर राहू लागली. दोन पेले चहा करायची, त्याच्या पेल्यात भरपूर साखर. खाटेवर कुणाला बसू द्यायची नाही. हिरवी माशी घरात आली की आम्ही तिला मारत नाही, कुणाचा तरी जीव भेटीला आलेला असतो. दिमयानाच्या घरात तशी एक माशी घोंगावायची आणि ती तिच्याशी नदीच्या पाण्याबद्दल, कांद्याच्या भावाबद्दल बोलायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. सुरुवातीला अंगावर काटा यायचा, नंतर मी कान लावून बसू लागले. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. मेलेल्या नवऱ्याशी तिच्या जितक्या गप्पा व्हायच्या तितक्या माझ्या जिवंत नवऱ्याशी होत नव्हत्या.

फक्त ती गायची बंद झाली. कुणी बोलवायला गेलं की म्हणायची, "माझ्या घरात कुणी मेलेलं नाही, मी कशी रडू?" गावातली मेलेली माणसं मुकाट्यानं पलीकडे जाऊ लागली. पुढे पुढे लोकांनी बोलावणंच सोडलं.

दुसऱ्या वर्षी नदी उतरली तेव्हा माझी सासू गेली. जाण्याआधी तिनं मला खाटेजवळ बोलावलं. मला वाटलं, आता तरी दोन गोड शब्द. ती म्हणाली, "फहीमा, माझ्यावर दिमयानाच रडली पाहिजे. तुला काही रडू येईल असं वाटत नाही."

मी दिमयानाकडे गेले आणि तिचे पाय धरले. "खाला, मेलेल्याचा शब्द आहे. आयुष्यभर तिनं माझं ऐकलं नाही, निदान मी तिचं ऐकलं असं होऊ दे."

ती खाटेकडे बघून म्हणाली, "जरा जाऊन येते." ते मला नव्हतं. मग डोक्यावर काळी ओढणी घेतली आणि आली.

आमचं अंगण बायकांनी भरलेलं होतं. दिमयाना रिफ्काच्या उशाशी बसली. आधी आवाज फुटेना, मग फुटला, आणि इतक्या दिवसांचा साचलेला आवाज होता तो. रिफ्काच्या खडूस जिभेवर गायली, तिच्या हातच्या भाकरीवर गायली. कधी नव्हे ते माझेही डोळे भरून आले. मग वाटेचं गाणं सुरू झालं.

"अरे नावाड्या, बघ ना, काठावर कोण उभं आहे,
हातात गाठोडं आहे, तोंड पलीकडे आहे.
घरच्यांनी सोडलंय तिला, तू ताटकळत ठेवू नको,
ऊन चढलंय, सावली नाही, तिला उभी ठेवू नको..."

आणि ती थांबली. बायकांना वाटलं, ओळ विसरली. एकीनं पुढची ओळ सुचवलीही. दिमयाना तशीच तोंड उघडं ठेवून बसली होती. मी जवळ सरकले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"फहीमा, तो कधी कुणाला ताटकळत ठेवायचा नाही. ताप असला तरी उठून जायचा. म्हणायचा, मेलेलं माणूस काठावर ठेवायचं नाही, त्याला घर राहिलेलं नसतं आणि तिकडचंही मिळालेलं नसतं."

"माहीत आहे, खाला."

"आणि मी त्याला उभं ठेवलंय."

मी म्हणाले, "तो घरात आहे गं, तुझ्याजवळ." तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले.

"त्याचं तोंड कुठल्या काठाकडे आहे ते मी बघितलंच नाही," ती म्हणाली.

रिफ्काचं गाणं तिनं शेवटपर्यंत नेलं. कसं नेलं कोण जाणे. रिफ्काचं तिसऱ्या दिवसाचं पाणी शिंपडून अबूना आमच्या दारातून बाहेर पडले, तर दिमयाना समोर उभी.

"अबूना, आता माझ्याकडे चला."

अबूना क्षणभर गोंधळले. "इतक्या उशिरा ही प्रार्थना पुस्तकात नाही, दिमयाना." मग तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "परात काढ."

तिनं परात लख्ख घासून ठेवलेली होती. भाकरी ताजी, पीठ उन्हात फुगवून भाजलेली. दाराला कडी लावून अबूनांनी प्रार्थना म्हटली, मी भाचीसारखी तिच्या मागे उभी राहिले. त्यांनी चुलीवर पाणी शिंपडलं, खाटेवर शिंपडलं. दिमयानाचे ओठ हलत होते, पण प्रार्थना ती नव्हती, ती त्याच्याशी बोलत होती. मग अबूना दाराकडे वळले आणि कडीला हात घातला.

"अबूना, एकदा गेलेल्यांना परत येता येतं का?"

"शेवटच्या दिवशी सगळेच उठणार आहेत, बाळ."

"त्याच्या आधी?"

अबूना विस्सांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. त्यांनी कडीवरचा हात काढला. "नाही," ते म्हणाले.

"मग दार हळू उघडा. एकदम नको."

त्यांनी हळू उघडलं. दाराची एक फळी बाजूला झाली, बाहेरचं ऊन खाटेच्या पायाशी आलं. "थांबा," ती म्हणाली, आणि ते थांबले. माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, सासूसाठी आलं नव्हतं तेवढं. शेवटी दिमयाना स्वतः पुढे झाली आणि दुसरी फळी तिनं आपल्या हातानं ओढली.

"जा आता," ती म्हणाली. "मी मागून येते."