टाळूवरचा अंगठा

जयनगरच्या दातांच्या दवाखान्यात, आतल्या खोलीत एक तंत्रज्ञ बसायचे. मुलांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे करणं हे त्यांचं काम. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीचा वरचा जबडा अरुंद होता, म्हणून तिच्या टाळूला स्क्रू बसवला होता. छोट्या चावीनं तो मी रोज थोडा फिरवायचे. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

एकदा न राहवून मी त्यांना विचारलं, "एवढं सोसून जबडा रुंद होईल, पण पुढे तसाच राहील का?"

त्यांनी बोटं फडक्याला पुसली आणि कपाटातून दोन साचे काढले. एकाच मुलीचे, एक उपचार संपल्यावरचा, दुसरा त्यानंतर बारा वर्षांनी घेतलेला. दोन्ही टाळूंवरून त्यांनी सावकाश अंगठा फिरवला, मग मलाही फिरवायला लावला.

"स्वल्प परत येतं, अक्का, थोडंसंच. बाकी राहतं." मग कपाटाकडे बघत म्हणाले, "ही मुलगी लग्नाची पत्रिका द्यायला आली म्हणून सापडली. नाहीतर बिघडलेलेच परत येतात. ज्यांचं चांगलं झालं, ते कशाला येतील?"

माझी मुलगी आता चोवीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. काल व्हिडिओ कॉलवर ती तोंडभर हसली आणि मला तो अंगठा आठवला. उपचार संपल्यापासून आम्ही त्या दवाखान्याची पायरी चढलो नव्हतो.

"घरी आलीस की जयनगरला दातांच्या दवाखान्यात जाऊन येऊ," मी म्हटलं.

"कशाला? माझे दात चांगले आहेत, आई."

"म्हणूनच."