बॅटरी नसलेल्या फोनवरचं जर्मन

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. भुतंखेतं, संकेत, साक्षात्कार... असलं काही कुणी सांगू लागलं की मी सरळ विषय बदलते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

आम्ही कसबा पेठेत राहतो. माझा मुलगा निनाद नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि तिथल्याच आना नावाच्या मुलीशी त्याचं जमलं. मुलगी गोड. पण तिची आई हेल्गा एका लहान गावात राहणारी, जर्मनशिवाय दुसरी भाषा येत नाही. व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसायचो. आपली लेक कसल्या लोकांत पडतेय, ही काळजी तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसायची.

मी ठरवलं – लग्नात मुकी विहीण म्हणून उभी राहणार नाही. साठी उलटल्यावर जर्मनचा क्लास लावला.

व्याकरण जमलं, ते गणितासारखंच असतं. बोलणं जमेना. बोलायचं कुणाशी? ह्यांच्यापासून सुरुवात केली, तर हे म्हणाले, "तू मराठीत बोलतेस तेच मला कळत नाही, त्यात ही भर कशाला?" मग स्वयंपाक करताना मोठ्याने धावतं वर्णन सुरू केलं – आता कांदा चिरते, आता रडते. पण खरी युक्ती नंतर सुचली. घरात एक जुना बटणांचा मोबाइल पडून होता. बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली, सिमकार्डही नाही. तो कानाला लावून मी रोज सकाळी मंडईपर्यंत खणखणीत जर्मन बोलत जाऊ लागले. एकटी बडबडणारी बाई वेडी ठरते. फोनवर बडबडणारीला कुणी काही म्हणत नाही!

"काकू, रोज कुणाशी बोलता हो?" कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शिंद्यांनी एकदा विचारलंच.

"विहीणबाईंशी."

"काय म्हणतात?"

"काही नाही. ऐकून घेतात."

एका सकाळी मी अशीच कुंभारवाड्याजवळून चालले होते. चांगलं लख्ख ऊन होतं. फोनमधल्या 'विहिणीला' निनादच्या लहानपणची गोष्ट सांगत होते... कुकरची शिट्टी झाली की तो धावत जाऊन कपाटामागे लपायचा. पण 'शिट्टी'ला शब्दच आठवेना. थांबले. आणि कानात आवाज आला –

"पीपमाट्स."

म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज, शांत. मागे वळून पाहिलं तर जवळपास कुणीच नाही. फोन उलटा केला. बॅटरीची जागा रिकामी. पुन्हा कानाला लावला.

"उंड दान?" म्हणजे – आणि मग?

खरं सांगते, घाबरायचं राहूनच गेलं. कारण मला कळलं होतं! कुणीतरी जर्मनमध्ये विचारलं आणि मला ते लगेच कळलं... मी गोष्ट पूर्ण सांगितली, एकदाही न अडखळता. तो माणूस हसला. मग सगळं शांत. त्यानंतर रोज फोन नेला, पण तो आवाज पुन्हा कधी आला नाही.

क्लासमधल्या बाईंना तो शब्द विचारला. त्या म्हणाल्या, "पीपमाट्स म्हणजे चिमणं पाखरू. लहान मुलांशी बोलताना म्हणतात. शिट्टीला नाही म्हणत." म्हटलं, भास झाला असेल. पण मग हा शब्द मला आला कुठून? आमच्या पुस्तकात तर नव्हता.

लग्न पुण्यातच झालं. आदल्या दिवशी दुपारी हेल्गा आमच्या स्वयंपाकघरात पर्स पोटाशी धरून अवघडून बसली होती. मी चहा दिला आणि तिच्याशी जर्मनमध्ये बोलू लागले – प्रवास, हवा, मुलांचे हट्ट. ती बघतच राहिली. ह्यांनीसुद्धा पेपर खाली ठेवला! तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि हेल्गा दचकली. मी पटकन म्हणाले, "घाबरू नका, आमचा पीपमाट्स आहे."

तिचा कप हातातच राहिला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिने सांगितलं – चहाची किटली शिट्टी वाजवू लागली की तिचे वडील तिला पीपमाट्स म्हणायचे. फक्त तेच, आणि फक्त घरात. आनाच्या जन्माआधीच ते गेले, त्यामुळे आनालाही हे ठाऊक नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही, की तिने 'भलतंच काय' म्हणून माझ्याकडे बघितलंही नाही. तिने एकच विचारलं, "बोलताना खोकत होते का?" शेवटची काही वर्षं खोकल्यामुळे त्यांना एक वाक्यही पुरं करता येत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "आवाज अगदी मोकळा होता."

तिने माझे दोन्ही हात धरले आणि ती मनसोक्त रडली.

तो आवाज कुणाचा होता, मला आजही सांगता येत नाही. निनाद त्याला योगायोग म्हणतो... म्हणू दे. पण त्या दुपारी हेल्गाने जे विचारलं, ते मला दुभाष्याशिवाय समजलं आणि त्याचं उत्तर मी माझ्या तोंडाने, तिच्या भाषेत दिलं. एवढं मात्र मी कुणालाही ताठ मानेने सांगते.